९२ टक्के आणि पंचवीसपैकी नऊ: अकरावी एवढी अवघड का वाटते?

दरवर्षी गणपती गेले की माझा फोन वाजू लागतो. अकरावीच्या पहिल्या युनिट टेस्टचे पेपर साधारण तेव्हाच मुलांच्या हातात पडतात. मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं. आता ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीची चार-पाच मुलं संध्याकाळी येऊन बसतात, तेवढंच. यंदा पहिला फोन आलाच नाही, खालच्या मजल्यावरचे बाबा स्वतःच वर आले. मुलगी त्यांच्या मागे, हातात घडी केलेला पेपर. दहावीला ९२.४ टक्के, ठाण्यातल्या चांगल्या कॉलेजात सायन्सला प्रवेश, आणि फिजिक्सच्या पहिल्याच टेस्टला २५ पैकी ९.

"सर, हिचं लक्ष उडालंय का? मोबाइल काढून घेऊ का?" बाबांनी विचारलं.

मुलगी इतका वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काका, वाचते तेव्हा सगळं कळतं हो. पेपर समोर आला की काहीच सुचत नाही."

हे वाक्य मी इतक्या मुलांच्या तोंडून ऐकलंय की आता पाठ झालंय. मुलं तीच, मेंदू तोच, मध्ये गेलेले महिने पाच-सहा. मग झालं काय? बाबांना जे तासभर समजावलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय.

दहावीचे टक्के नेमकं काय मोजतात

राज्य मंडळाच्या दहावीला सहा विषय, प्रत्येकी १०० गुण. सगळ्यांत कमी गुणांचा विषय गळतो आणि उरलेल्या पाचांवर, म्हणजे ५०० वर टक्के निघतात. हेच ते 'बेस्ट ऑफ फाइव्ह'. अकरावीच्या प्रवेशाची गुणवत्ता यादी याच आकड्यावर लागते. सहापैकी तीन विषय भाषांचे. एक भाषा गळली तरी दोन राहतातच.

मी तिची मार्कशीट मागवली. मराठी ९५, संस्कृत ९६, सामाजिक शास्त्रं ९६, गणित ८८, विज्ञान ८७. बेरीज ४६२, म्हणून ९२.४. आता यात अकरावी सायन्सला थेट उपयोगी पडेल असं किती आहे ते वेगळं काढू. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे २८७ बाजूला ठेवले. राहिले गणित-विज्ञानाचे २०० पैकी १७५. या दोन्ही विषयांत २०-२० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आणि प्रात्यक्षिकाचे, म्हणजे शाळेच्या हातातले. ते बहुतेकांना पूर्ण मिळतात, हिलाही मिळाले होते. म्हणजे लेखी १६० पैकी १३५. हे काही वाईट गुण नाहीत, पण ९२ च्या घरातलेही नाहीत.

अजून एक साल काढू. विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पेशी, आनुवंशिकता, पर्यावरण, आपत्ती व्यवस्थापन. पहिल्या भागाच्या ४० गुणांत फिजिक्स आणि केमिस्ट्री दोघी दाटीवाटीने बसलेल्या. म्हणजे ज्या ५०० गुणांवर मुलगी हुशार ठरली, त्यांत फिजिक्सच्या वाट्याला वीसेक गुण.

बाबांचा चेहरा पडला, म्हणून लगेच सांगितलं की तिचे मार्क खरे आहेत आणि मेहनतीचेच आहेत. फक्त थर्मामीटरवर वजन बघू नये.

प्रश्नांची घडणही वेगळी असते. दहावीच्या गणितात 'खालील कृती पूर्ण करा' असा प्रश्न असतो. रीत छापलेली, मध्ये चौकटी रिकाम्या, त्या भरायच्या. ताट वाढून समोर आलंय, मीठ-लिंबू तेवढं आपण घ्यायचं. अकरावीत हातात शिधा देतात: तांदूळ, डाळ, तेल, तिखट. भात लावायचा की खिचडी करायची हे कोणी सांगत नाही. ज्याने आजवर ताटच पाहिलं तो शिध्याकडे बघत बसला, तर तो आळशी आहे असं मी म्हणणार नाही.

दहाचे तीस

दहावीच्या विज्ञान भाग १ मध्ये दहा धडे. त्यात गुरुत्वाकर्षण, विद्युतधारा, उष्णता, अपवर्तन, भिंगं ही फिजिक्सची मंडळी, चार धडे केमिस्ट्रीचे आणि शेवटी अवकाश मोहिमा. अकरावीच्या सध्याच्या पुस्तकांत फिजिक्सचे १४ धडे, केमिस्ट्रीचे १६. दहाचे तीस झाले. गणिताची दोन पुस्तकं मिळून १८ धडे वेगळे. बायोलॉजी घेतली असेल तर आणखी १६.

आता दिवस मोजा. २०२५ साली दहावीचा शेवटचा पेपर १७ मार्चला झाला. तिथून निकाल, अर्ज, पसंतीक्रम, पहिली फेरी, दुसरी फेरी करत वर्ग नीट भरेपर्यंत ऑगस्ट उजाडतो. म्हणजे पाचेक महिने मुलाने समीकरण म्हणून मांडलेलं नसतं. सायकल विसरत नाहीत म्हणतात, पण त्रिकोणमितीची सूत्रं विसरतात, हे मी छातीठोकपणे सांगतो. मग ऑगस्ट ते फेब्रुवारी असे सात महिने, त्यात दिवाळीची सुट्टी, सहामाही, कॉलेजचे डेज. तिप्पट धडे आणि दिवस कमी. तुमची ती नेहमीची स्लो लोकल एक दिवस न सांगता फास्ट झाली आणि तुमचं स्टेशन मागे पडलं, असं काहीसं वाटतं मुलांना.

गाडी सुटली की पाऊस तिरका होतो

नुसते धडे वाढले असते तर जास्त तास बसून भागलं असतं. खरी मेख वेगळी आहे. एका उदाहरणावर जरा थांबतो, कारण सगळा लेख या उदाहरणावर उभा आहे.

ही मुलगी रोज ऐरोलीहून ठाण्याला ट्रान्स-हार्बरने जाते. गाडी स्टेशनात उभी असते तेव्हा पाऊस सरळ खाली पडतो आणि दारातला माणूस कोरडा असतो. गाडी सुटली, दिघ्याच्या दिशेने वेग घेतला, की तोच पाऊस समोरून तिरका येऊन तोंडावर आपटतो. पावसाने काहीच बदललेलं नाही, बदलली ती गाडी. अकरावीच्या फिजिक्सला हे फार आवडतं. प्रश्न असा येतो: थेंब सेकंदाला ८ मीटर वेगाने सरळ खाली पडतोय, गाडी सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर वेगाने चाललीये. दारातल्या माणसाला थेंब किती वेगाने लागेल, आणि किती तिरका?

उत्तर काढायला काय लागतं? आठाचा वर्ग ६४, पंधराचा वर्ग २२५, बेरीज २८९, वर्गमूळ १७. थेंब सेकंदाला १७ मीटर वेगाने लागणार. उभ्या रेषेपासूनचा कोन त्रिकोणमितीने साधारण ६२ अंश. संपलं. यातली प्रत्येक पायरी दहावीच्या भूमितीची आहे. पायथागोरस आणि टॅन, दोन्ही तिला झोपेतसुद्धा येतात. तरी टेस्टमध्ये अशाच प्रश्नावर तिने नुसतं 'दिलेले' आणि 'काढा' एवढंच लिहून ठेवलं होतं.

कारण दहावीत हा त्रिकोण 'पायथागोरसचे प्रमेय' अशी पाटी लावलेल्या धड्याखाली येतो. पाटी वाचली की अर्धं काम झालं. अकरावीत तोच त्रिकोण पावसात लपून बसतो. आधी हे सुचावं लागतं की गाडीतल्या माणसाच्या नजरेने सगळं जग मागे पळतंय, म्हणून थेंबाच्या खालच्या बाणाला मागच्या दिशेचा १५ चा बाण जोडायचा. बाण एवढ्यासाठी की वेगाला नुसता आकडा पुरत नाही, दिशाही लागते. अशा राशीला सदिश म्हणतात, कॉलेजात व्हेक्टर. दोन बाण काटकोनात आले, तिसरी बाजू काढायची, म्हणजे हा आपला जुना पायथागोरसच!

हे 'अरे, हा तर आपला तोच' म्हणता येणं, हेच अकरावीचं खरं काम. धडा वाचताना ते आपल्यासाठी लेखकाने केलेलं असतं, म्हणून वाचताना सगळं कळतं. पेपरात ते आपल्याला करायचं असतं. मुलगी माझ्या जिन्यात उभी राहून जे म्हणाली ते अक्षरशः खरं होतं.

काम ऑगस्टात, हत्यार फेब्रुवारीत

ही गोष्ट पालकांना सहसा कोणी सांगत नाही. अकरावीच्या फिजिक्सचा दुसराच धडा गणिती पद्धतींचा आहे. त्यात सदिश येतात आणि कॅल्क्युलसची तोंडओळख येते. कॅल्क्युलस हा मोठा शब्द वाटतो, पण त्याचं अर्धं अंग तुम्ही रोज वापरता. ठाणे ते वाशी अंतर भागिले लागलेला वेळ म्हणजे सरासरी वेग. रिक्षाच्या स्पीडोमीटरचा काटा दाखवतो तो या क्षणाचा वेग. त्या काट्याचं गणित म्हणजे डेरिव्हेटिव्ह, मराठीत विकलन: एखादी गोष्ट या क्षणी किती झपाट्याने बदलते आहे त्याचा दर.

पुढचा 'मोशन इन अ प्लेन' हा धडा लगेच ते वापरायला लागतो. आणि गणितात विकलन कुठे आहे? दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटच्या धड्यात. त्याआधी लिमिट, त्याआधी फंक्शन. फिजिक्सचे सर ऑगस्ट-सप्टेंबरात फळ्यावर 'डीव्ही बाय डीटी' लिहितात, गणिताचे सर तिथे पोचेपर्यंत वर्ष सरत आलेलं असतं. सुताराला ऑगस्टात दार करायला सांगायचं आणि रंधा फेब्रुवारीत द्यायचा, असा हा प्रकार.

या पापात मीही आहे. मी वर्षानुवर्षं 'हे तुम्हाला गणितात येईलच' म्हणून पुढे गेलो. मागच्या बाकांवरची मुलं तेव्हाच एकमेकांकडे बघायची, ते मला दिसायचं. पोर्शन संपवायचा असायचा.

हमाल, कार्य आणि वर्क

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना आणखी एक जिना चढावा लागतो. अकरावी सायन्सची फिजिक्स-केमिस्ट्रीची पुस्तकं इंग्रजीत. नववीत 'गतीचे नियम' आणि 'कार्य आणि ऊर्जा' हे धडे उत्तम समजलेलं मूल अचानक मोमेंटम, डिस्प्लेसमेंट, इनर्शिया ऐकतं. संवेग, विस्थापन, जडत्व त्याच्या डोक्यात नीट बसलेले असतात, फक्त दारावरच्या नावाच्या पाट्या बदललेल्या असतात आणि ते बेल वाजवायला घाबरतं. आठवीपासून सेमी-इंग्रजीत असलेल्यांना शब्द ओळखीचे असतात, पण तिथेही लांबलचक इंग्रजी वाक्यांतून प्रश्न उकलायची सवय फारशी नसते.

गंमत म्हणजे इंग्रजी माध्यमाच्या मुलांचा घोटाळा उलटा होतो. 'वर्क' हा शब्द त्यांना रोजचा, म्हणून त्याचा शास्त्रातला अर्थ ते गृहीत धरतात. ठाणे स्टेशनात डोक्यावर बॅगा घेऊन सपाट प्लॅटफॉर्मवरून एकसारख्या चालीने जाणारा हमाल बॅगेवर किती कार्य करतो? शून्य. बल वर, सरकणं आडवं. मराठी माध्यमाचं मूल 'कार्य' हा जरा परका, पुस्तकी शब्द असल्यामुळे व्याख्या जपून वापरतं आणि बरोबर उत्तर देतं. इंग्रजी माध्यमाचं मूल हमालाचा घाम आठवून चुकतं. हे मी अनेकदा पाहिलंय, आणि मराठी शाळेतल्या मुलांना मुद्दाम सांगतो, तेवढंच त्यांना बरं वाटतं.

"म्हणजे डोकं कमी पडतंय का?"

डोकं कमी पडतंय हे खरं आहे, पण लोक समजतात त्या अर्थाने नाही.

आपण विचार करताना एका वेळी मनात धरून ठेवतो त्या जागेला कार्यस्मृती म्हणतात. ती फार लहान असते. जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५६ च्या एका गाजलेल्या निबंधात सातच्या आसपास गोष्टी असा अंदाज दिला. पुढच्या संशोधकांनी तो चारपर्यंत खाली आणला. ही मर्यादा सगळ्यांनाच आहे, बोर्डात आलेल्यालाही.

घोडबंदर रोडवर पहिल्यांदा गाडी चालवायला बसलेला माणूस आठवा. क्लच, गिअर, आरसा, डावीकडून घुसणारी रिक्षा, समोरचा कंटेनर. शेजारच्याने 'जेवायला काय करायचं' विचारलं तरी तो खेकसतो. वर्षभराने तोच माणूस त्याच रस्त्यावर गप्पा मारत जातो. त्याची कार्यस्मृती वाढलेली नसते. क्लच-गिअर-ब्रेक यांची मिळून एकच सवय झालेली असते, त्यामुळे पाच जागांच्या ऐवजी एक जागा लागते.

अकरावीच्या पहिल्या टेस्टला मुलाच्या त्या चार जागा कशाने भरलेल्या असतात ते बघा: इंग्रजी वाक्य, नवं चिन्ह, अर्धवट आठवणारं त्रिकोणमितीचं सूत्र, घड्याळ. फिजिक्सला बसायला जागाच नाही. जॉन स्वेलर या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात यावर काम केलं. नवख्याला प्रश्नांचा मारा करण्याऐवजी आधी सोडवलेली उदाहरणं नीट अभ्यासायला दिली तर शिकणं जास्त चांगलं होतं, असं त्याच्या प्रयोगांत दिसलं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. पहिल्याच आठवड्यात शंभर प्रश्नांची शीट हातात.

"चांगला क्लास लावला की सुटेल ना?"

हा प्रश्न आलाच. आणि त्याच्या पाठोपाठ 'इंटिग्रेटेड'. म्हणजे प्रवेश कॉलेजात, शिकवणं क्लासमध्ये, दोघांची हातमिळवणी. कॉलेजला जायची कटकट नाही, वेळ वाचतो, असं सांगतात.

चांगला शिक्षक मिळाला तर क्लासचा उपयोग होतो, यात वाद नाही. मीही संध्याकाळी तेच करतो. पण क्लासमध्ये सर सोडवतात आणि मूल बघतं. परत ताटच आलं. फळ्यावर बघताना कळल्याचा जो भास होतो तो फार गोड असतो. रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ मध्ये केलेला एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी होत असती तर नुसतं क्लासला बसणं पुरलं असतं.

दिवसाचा हिशोबही करा. कॉलेज, क्लास, मधला लोकलचा आणि रिक्षाच्या रांगेचा वेळ वजा केला की एकट्याने वही घेऊन झगडायला किती वेळ उरतो? या मुलीचा उरत होता पाऊण तास, रात्री साडेदहानंतर.

"अकरावीचे मार्क कुठे कोण धरतं?"

धरत नाहीत हे खरं. अकरावीची परीक्षा कॉलेजच घेतं, बोर्ड नाही. म्हणून 'दहावीला दमलीये, अकरावी जरा आराम' असं घरोघरी म्हणतात. पण अकरावी दुसऱ्या दारातून परत येते. इंजिनिअरिंगच्या राज्याच्या सीईटीत १५० प्रश्न, २०० गुण, आणि त्यात साधारण २० टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमाला. नीट आणि जेईईत दोन्ही वर्षं आहेत, तिथे चुकीच्या उत्तराला गुणही कापतात. शिवाय बारावीचं फिजिक्स सुरू होतं ते वर्तुळाकार गतीने, तेव्हा अकरावीचे सदिश आणि गतीचे नियम येतात असं धरूनच.

"एवढं अवघड, तर बारावीला इतके पास कसे?"

हुशार आक्षेप आहे. २०२५ मध्ये दहावीचा राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला, बारावीचा ९१.८८. फार फरक नाही. मग पायरी आहे कुठे?

पास व्हायला १०० पैकी ३५ लागतात. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत १०० पैकी ३० प्रात्यक्षिकाचे. आणि बारावीच्या निकालात आर्ट्स, कॉमर्स, सायन्स सगळे आले. म्हणजे पास-नापासाच्या चाळणीची भोकं एवढी मोठी आहेत की पायरी तिच्यातून खाली पडते, दिसत नाही. ती दिसते सीईटीच्या पर्सेंटाइलमध्ये, आणि त्याआधी, खूप आधी, सप्टेंबरातल्या युनिट टेस्टमध्ये.

आजोबा मंडळी म्हणतात, आमच्या वेळी असं नव्हतं. त्यांचं बरोबर आहे. तेव्हा अकरावी शाळेतच असायची आणि मॅट्रिकची परीक्षा अकरावीला व्हायची. कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये सुचवलेली १०+२+३ ची रचना महाराष्ट्रात सत्तरच्या दशकात आली आणि दहावी-अकरावीच्या मध्ये ही शिवण पडली: नवी इमारत, नवे शिक्षक, नावाने न ओळखणारा मोठा वर्ग. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण नववी ते बारावी हा एकच टप्पा मानतं, निदान कागदावर. शिवण कागदावरून गेली तरी कपड्यावरून जायला वेळ लागेल.

कॉमर्स आणि आर्ट्सवाल्यांचं काय

तिथेही पायरी आहे, तिची चर्चा कमी होते एवढंच. कॉमर्सला अकाउंट्स हा विषय दहावीपर्यंत जवळपास कोणीच पाहिलेला नसतो. बँकेच्या पासबुकात पैसे आले की 'क्रेडिट' लिहितात, आणि स्वतःच्या वहीत तेच पैसे बँक खात्याला 'डेबिट'. कारण पासबुक ही बँकेची बाजू, वही ही आपली. पावसासारखंच: कोण कुठे उभं राहून बघतंय त्यावर ठरतं. हे पहिल्या महिन्यात डोक्यात बसलं तर वर्ष सोपं जातं. आर्ट्सला अडचण लिहिण्याची. दहावीत चार ओळींची उत्तरं देणाऱ्याला दोन पानं स्वतःच्या शब्दांत लिहायची असतात.

मग त्या पेपरचं काय केलं

आम्ही दोघांनी तिचा पेपर उघडला आणि गेलेल्या १६ गुणांची वाटणी केली. सहा गुणांच्या प्रश्नांचं इंग्रजीच कळलं नव्हतं; मी मराठीत सांगितल्यावर तिने तिथल्या तिथे सोडवले. पाच गुण वेळ न पुरल्यामुळे कोरे. तीन एकक आणि चिन्ह चुकल्यामुळे. उरलेले दोन मात्र खरंच फिजिक्स न कळल्यामुळे गेले होते. बाबा बराच वेळ त्या दोनाच्या आकड्याकडे बघत होते.

मग सगळं सोडून पंधरा दिवस फक्त हत्यारं घासायची ठरवली: त्रिकोणमिती, घातांक, सूत्रातून हवी ती राशी बाजूला काढणं, आलेख वाचणं, आणि स्पीडोमीटरच्या काट्याएवढंच विकलन. एका वहीत डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी, मध्ये तिने स्वतः काढलेलं चित्र. पाठ्यपुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं, त्यातलं सोडवलेलं उदाहरण आधी वाचायचं, मग उत्तर वहीने झाकून पुन्हा करायचं, मग आकडे बदलून. महिन्याभराने वेगवेगळ्या धड्यांतले प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकायचे आणि न बघता उचलायचे, म्हणजे वरची पाटी जाते. क्लासच्या शीटला तोवर हात लावायचा नाही, यावर घरात वाद झाला. तो मी जिंकला असं वाटत नाही. गुपचूप लावत असणार.

हे सगळं करूनही दिवाळीनंतर विषयाची शिसारीच येत असेल, तर शाखा बदलण्याचा विचार लवकर आणि मोकळेपणाने करावा. त्यात कमीपणा मानणारे नातेवाईक पेपर लिहायला येत नाहीत. पण तो निर्णय पहिल्या टेस्टच्या नऊ मार्कांवरून घेऊ नये.

परवा परतीच्या पावसात भिजून ती थेट माझ्या दारात आली. "काका, गाडीच्या काचेवर थेंबांच्या रेघा पडतात ना, कंपासपेटीतला कोनमापक लावून बघितला. पंचेचाळीस अंश आले. म्हणजे गाडीचा वेग आणि पावसाचा वेग सारखाच ना? मग गाडी ताशी एकोणतीसच्या आसपास होती?"

आठ गुणिले तीन पूर्णांक सहा दशांश, २८.८. हिशोब बरोबर होता. मी म्हटलं, पण काचेला चिकटलेला थेंब आणि हवेतला थेंब एकाच रेघेत जातो का? काच त्याला धरून ठेवते, वारा मागे ओढतो. ती चप्पल न काढताच जिन्यात उभी राहिली. "थांबा, सांगू नका," म्हणाली.